अंबुआक्काची पाणजांभळं

सहाशे पिशव्यांमधल्या सहाशे काचा मी एकट्यानं, एका दुपारीत वेचून काढल्या. नोकरीला लागल्यापासून इतकं मन लावून केलेलं माझं ते पहिलंच काम.

झालं असं की बेळगावजवळच्या हिंडलग्यातल्या आमच्या रोपवाटिकेचे मालक नागेंद्रअण्णा सकाळी फोनवर म्हणाले, "रविराज, पुढच्या बुधवारी निपाणीकडचे बाबगोंडाआप्पा रोपं उचलायला येणार आहेत. जरा नीटनेटकं दिसू दे." मी बी. एस्सी. झालेला माणूस, तेही वनस्पतिशास्त्र घेऊन. नीटनेटकं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी थेट मागच्या बाजूला गेलो. तिथं जांभळाच्या जातीची रोपं होती, वीतभर उंचीची, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. आणि प्रत्येक पिशवीच्या मातीत बांगडीचा एक फुटका तुकडा. कुठं निळा, कुठं हिरवा, कुठं लाल. कुणीतरी उकिरड्यावरची माती भरलीय, असं मला वाटलं. गिऱ्हाइकाच्या हातात काच गेली तर? मी बादली घेऊन बसलो आणि एकूण एक तुकडा उपसला. रोपवाटिकेच्या मागं खड्डा होता, त्यात बादली पालथी केली. तासाभरात शेजारच्या बांधकामाचा ट्रॅक्टर आला आणि त्यानं त्याच खड्ड्यात विटांचा चुरा ओतला.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं, कारण रोपं आपापल्या ओळीत होती. पण फोटो चांगला यायला हवा म्हणून मी पिशव्या उंचीप्रमाणं लावल्या. शाळेत प्रार्थनेला उभं करतात तसं, बुटकी पुढं, उंच मागं. काही पिशव्यांत दोन-दोन कोंब होते, ते बेशिस्त दिसत होते, म्हणून त्यातला एकेक कात्रीनं छाटला. फोटो सुरेख आला. अण्णांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबुआक्का कामावर आली.

अंबुआक्का म्हणजे अंबुबाई, आमच्या वाटिकेची सगळ्यात जुनी बाई. हिंडलग्यातच राहते, वय साठीच्या अलीकडं-पलीकडं, विचारलं तर "असंल की" म्हणते. साडीचा काष्टा, वर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. ती त्या ओळींसमोर येऊन उभी राहिली. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"भावकू," ती म्हणाली, "काचा कुठं हायत रं?"

भावकू हा माझ्या आधीचा मॅनेजर. त्याला सोडून जाऊन आठ महिने झाले होते. आक्काच्या लेखी मॅनेजरच्या खुर्चीत बसतो तो भावकू.

"टाकल्या की. सगळ्या वेचून टाकल्या." मी अभिमानानं सांगितलं.

"सगळ्या?"

"एक ठेवली न्हाय."

आक्का पाटाच्या कडेला खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.  साध्या आवाजात म्हणाली, "निळी जांभळाची, हिरवी पाणजांभळाची, तांबडी भेडसाची. धा वर्सं झाली, हीच खूण हाय. आता ह्यातलं कुठलं कोण, ते तू सांग."

मी वाकून बघितलं. हिरवी पानं, समोरासमोर, गुळगुळीत. पलीकडच्या पिशवीत हिरवी पानं, समोरासमोर, गुळगुळीत. बी. एस्सी.च्या पेपरात मिर्टेसी कुळावर मी दहापैकी सात मार्क मिळवले होते. पेरू, निलगिरी, लवंग आणि जांभूळ ही एकाच कुळातली, हे मला पाठ होतं. पण आमच्या पुस्तकात जांभूळ एकच होतं. त्याला इतके भाऊबंद आहेत आणि ते सगळे लहानपणी एकसारखे दिसतात, हे कुणी बोललं नव्हतं.

अण्णा बेळगावात टिळकवाडीत राहतात. त्यांना टिळकवाडीहून हिंडलग्याला यायला एरवी अर्धा तास लागतो, त्या दिवशी पंधरा मिनिटं लागली. बाबगोंडाआप्पांची मागणी दोनशे पाणजांभळांची होती आणि आमच्याकडं पाणजांभळं होती बरोबर दोनशे. बाकी तीनशेवीस साधी जांभळं आणि ऐंशी भेडस. आता सगळी मिळून सहाशे अनोळखी माणसं.

अण्णा मला काही बोलले नाहीत. ते आक्काला बोलले, म्हणजे मलाच ऐकवलं. "अंबुआक्का, मी तुम्हाला मागंच सांगितलतं. ह्या जंगली झाडांत काय मिळत न्हाय. कोण घेतंय भेडस न् पाणजांभूळ? लोकांना पाम पायजे, लॉन पायजे. ही पहिली मोठी ऑर्डर आली म्हणून मी गप होतो. ही नीट गेली तर तुमचं जंगल ठेवतो. न्हाय गेली तर श्रावणात मी ही जागा मोकळी करून पाम लावणार. मग मला बोल लावू नका."

'जंगल' म्हणजे वाटिकेच्या मागच्या अंगाच्या आठ ओळी. आक्कानं दरवर्षी माहेराकडं जाऊन, पिशवीत बिया भरून आणून, एकेक करून उभ्या केलेल्या. तिचा पगार त्या ओळींवर नव्हता, ती पुढच्या गुलाबांनाही पाणी घालायची. पण जेवायला ती मागंच बसायची.

"बुधवार लांब हाय," आक्का म्हणाली आणि पदर खोचून उठली. "करत्ये वेगळं."

"सहाशे?"

"लगीनघरात सहाशे माणूस जेवतंय, वाढपी चुकतंय काय?"

अण्णा गेले. मी तोंड पाडून म्हणालो, "आक्का, चुकलं माझं. तुमच्या ओळखायच्या खुणाच मी टाकल्या."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी एकाच वेळी दोन गाढवपणे केले असावेत. "माझ्या? आरं, मला कशाला लागतीय खूण? त्या तुझ्यासाठी व्हत्या."

---

आक्काचं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्याही पुढं, रानाला लागून. तिथं तिच्या लहानपणी रानातली फळझाडं वाटून घ्यायची एक रीत होती. उन्हाळा लागायच्या आधी, झाडाला फूल नाही की फळ नाही अशा वेळी, ज्यानं ज्या झाडाला गवताची वेणी बांधली, त्या वर्षी ते झाड त्याचं. मग त्याच्या फळाला दुसरा हात लावायचा नाही. फळ आल्यावर कुणीही ओळखेल. खरी परीक्षा नुसत्या पानांवर.

"मी धा वर्सांची असंन," तिनं मला सांगितलं. आम्ही सहाशे पिशव्यांच्या मधोमध पोत्यावर बसलो होतो, वर निळी ताडपत्री, तिच्यावर पावसाची बारीक टरटर. "आमची आय, म्हंजे आवा, म्हणाली, जा, वड्याच्या वरच्या अंगाला मोठ्या जांभळाला वेणी बांधून ये. मी पळत गेले न् बांधून आले. फळ आलं तवा बघितलं तर लेंडीएवढं, आंबट ढाण. दुसरंच झाड. खरं जांभूळ शेजारी हुतं, त्येला चुलत्यानं वेणी बांधली हुती. त्या वर्सी आमची आवा बेळगावच्या बाजारात जांभळं भरलेलं पानाचं डोण घिऊन बसलीच न्हाय. मला मारलं न्हाय तिनं. उन्हाळाभर रोज ती आंबट फळं मला खायला घातली. दात असं झालते, भाकरी चावंना."

त्यानंतर ती कधी चुकली नाही. निदान झाडांच्या बाबतीत. माणसांच्या बाबतीत ती अजूनही रोज चुकते. तिचा नवरा मष्णूमामा निवृत्त गवंडी आहे. तो दुपारी तिचा डबा घेऊन येतो आणि सांगतो, "हिनं आमच्या लग्नात माझ्या भावालाच पाट दिलता बसायला. झाडाचं पान अंधारात वळकती, न् नवरा उजेडात वळकंना."

"दोघांचं फेटं सारखं हुतं," आक्का म्हणते. "न् मिशाबी."

"आगं, त्येला मिशा नव्हत्या!"

"मग तुमालाबी नसतील."

हे भांडण पंचेचाळीस वर्षं चाललंय. दोघांनाही ते मिटवायचं नाही.

भेडस सगळ्यात सोपं निघालं. आक्कानं एक पान माझ्या तळहातावर ठेवलं. "टोक बघ." पानाचं टोक लांबत जाऊन बारीक झालेलं, पालीच्या शेपटीसारखं. "ह्ये शेपूटवालं भेडस. पांढरं फळ येतंय, टपोरं मोत्यावानी. काढ ह्ये बाजूला." दुपारपर्यंत ऐंशीच्या ऐंशी बाजूला निघाली. मला वाटलं, एवढं सोपं असेल तर आपण उगाच घाबरलो.

मग राहिली जांभूळ आणि पाणजांभूळ. मोठ्या झाडात गोंधळ नसतो. साध्या जांभळाचं पान रुंद, पाणजांभळाचं अरुंद, भाल्यासारखं. ओढ्याकाठी पाण्यात पाय सोडून उभं असतं ते पाणजांभूळ. पण वीतभर रोपात साध्या जांभळाचीही पहिली पानं अरुंदच येतात. लहानपणी सगळ्यांचीच अंगं बारीक.

"आक्का, सोपं आहे," मी म्हणालो. डोक्यात शास्त्र जागं झालं होतं. "पाणजांभूळ पाण्यातलं झाड. सगळ्या पिशव्या टाकीत बुडवून ठेवू. जे तगेल ते पाणजांभूळ."

"जांभळालाबी पाणी सोसतंय. दोघंबी तगतील. तू बघत बस काठावर." ती हसायला लागली ती थांबेना. डबा घेऊन आलेल्या मष्णूमामालाही तिनं सांगितलं. मामानं माझ्याकडं बघून विचारलं, "कितवी शिकलाय?"

मी पुस्तकाचा दाखला देणं बंद केलं आणि तिच्या हाताकडं बघायला लागलो.

ती आधी देठ बघायची. पान न तोडता, देठावरून अंगठा फिरवायचा. साध्या जांभळाला देठ लांब, पानाला हलायला जागा. पाणजांभळाचं पान फांदीला जवळजवळ चिकटलेलं. मग पान उन्हाकडं धरायचं, ऊन नसेल तर मोबाईलच्या टॉर्चकडं. टॉर्च माझा. पानाच्या मधल्या शिरेपासून निघालेल्या बारीक शिरा कडेपर्यंत जायच्या आणि कडेच्या थोडं आत एकच शीर सगळ्यांना बांधून घ्यायची, साडीच्या काठासारखी. "काठ सगळ्यांना हाय," आक्का सांगायची. "काठ हाय म्हंजे घराणं जांभळाचं. आता आतल्या रेघा बघ, किती दाट हायत. दाट असल्या तर जांभूळ." मग पान चुरडून नाकाशी. साध्या जांभळाला कैरीच्या चिकासारखा वास, तिखट. दुसऱ्याला तेवढा नाही. शंका असेल तर ती पान चावायची आणि थुंकायची. मीही चावायचो. मला सगळी सारखीच तुरट लागायची. तिसऱ्या दिवशी माझी जीभ इतकी जाड झाली की अण्णांशी फोनवर बोलताना त्यांना वाटलं मी काहीतरी घेतलंय.

आणि माझ्या पापातून एक पुण्य निघालं. आक्का एका रोपाच्या बुडाशी नखानं माती उकरत होती. तिथं कापलेल्या कोंबाचं थोटूक दिसलं.

"हितं भाऊ हुता ह्येचा," ती म्हणाली. "कुणी कापला?"

मी आभाळाकडं बघितलं.

"साध्या जांभळाच्या एका बीतनं दोन-दोन, तीन-तीन कोंब येत्यात. सगळ्यात न्हाय, पर बऱ्याच. थोटूक दिसलं की ते जांभळाच्या बाजूला धर, मग मला दाखीव. कात्री चांगली चालवलीस बघ."

तिनं केलेली ती माझी पहिली स्तुती. माझ्या छाटणीनं त्या दिवशी साठ-सत्तर जांभळं पटापट उघडी पडली.

चौथ्या दिवशी पाणजांभळाचा ढीग मोठा झाला आणि पुन्हा खुणेचा प्रश्न आला. मी म्हणालो, कागदाच्या चिठ्ठ्या लावू.

"पावसात शाई जाती. कागद गोगलगाय खाती."

"मग पिशवीवर ऑईलपेंट."

"झाड लावताना पिशवी फाडून टाकत्यात. रंग गेला पिशवीसंगं. काच मातीत जाती, झाडाच्या बुडाला ऱ्हाती. धा वर्सांनी कुणी उकरलं तरी सापडती."

मी हिंडलग्यात काच शोधत फिरलो. बायकांच्या हातात आता धातूच्या, प्लास्टिकच्या बांगड्या. कासाराच्या दुकानात फुटका माल विचारला तर तो म्हणाला, "फुटका मी कशाला ठेवू? आणि तुला कशाला पायजे?" मी काही उत्तर द्यायच्या आत बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायला लागली. आलो परत.

दुसऱ्या दिवशी आक्का कागदात गुंडाळलेली एक पुडी घेऊन आली. आत हिरव्या बांगड्या, एक डझन, कोऱ्या, बारीक सोनेरी ठिपक्यांच्या. नागपंचमीला माहेरी जाताना भरायला तिनं आधीच घेऊन ठेवलेल्या. तिनं त्या फरशीवर मांडल्या आणि म्हणाली, "वाढवते बघ." बांगडी 'फुटली' असं आमच्याकडं बाई म्हणत नाही. मग वरवंट्याच्या कडेनं टिकटिक करून एकेकीचे सोळा-सोळा तुकडे केले. हात एवढा सराईत की एक तुकडा उडाला नाही.

"आक्का, ह्या मी भरून देतो," मी म्हणालो. "पंचमीच्या आधी. एक डझन, अशाच."

"व्हय की. अडीचचं माप हाय माझं. विसरू नको, भावकू."

---

मंगळवारी संध्याकाळपर्यंत हिशोब असा होता: भेडस ऐंशी, साधी जांभळं तीनशेचौदा, पाणजांभळं एकशेत्र्याऐंशी. आणि तेवीस रोपं अशी, की आक्कानं पान चावलं, चुरडलं, बुडात उकरलं, परत चावलं, आणि मान हलवली.

"ह्येंचं मला कळंना."

"अंदाज सांगा की."

"अंदाजानं वेणी बांधली हुती एकदा. आजूनबी दात शिवशिवत्यात." ती तेवीस रोपं तिनं टाकीपाशी वेगळी ठेवली. त्यांत काच खोचली नाही. "नवी पालवी फुटंल तवा बघू. उद्या आप्पास्नी सांगायचं, सतरा कमी."

ती घरी गेली. मी तिथंच उभा. सतरा कमी म्हटलं की अण्णा पाम लावणार, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. मी गणित केलं. तेवीसात सतरा पाणजांभळं आहेतच, सहा साधी. डोळे मिटून सतरा उचलली तरी बारा-तेरा बरोबर निघणार. म्हणजे पंच्याहत्तर टक्के. मी आयुष्यात इतके टक्के कधी पाडले नव्हते. काचेचे नऊ तुकडे उरले होते. त्यातल्या आठांचे दोन-दोन केले, झाले सतरा, आणि सतरा पिशव्यांत खोचून पाणजांभळाच्या ओळीत मधेमधे सरकवल्या. आक्काचं जंगल वाचवल्याचं समाधान घेऊन झोपलो.

बुधवारी बाबगोंडाआप्पा दुपारी तीनला आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात छत्री. अठ्ठावन्न वर्षांचा शेतकरी, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि दोन्हीत तोललेलं. बरोबर टेम्पो आणि ड्रायव्हर भरमा. त्यांच्या ओढ्याचा काठ दरवर्षी थोडा थोडा ढासळत होता. आठ वर्षांमागं त्यांनी कुठल्यातरी वाटिकेतून पन्नास पाणजांभळं म्हणून नेली होती.

"आठ वर्षं पाणी घातलं," ते अण्णांना सांगत होते. "फळ आलं तेव्हा बघितलं, सगळी साधी नेरळे, आपली जांभळं. अहो, जांभूळ काय वाईट न्हाय, पण मला ते बाजारात मिळतंय. मामाच्या गावच्या वड्याला पाणजांभळं हायत, मुळ्या काठाला जाळीसारख्या धरून बसल्यात, ती पायजे होती. त्या माणसाला विचारलं तर म्हणतो, आप्पा, जांभूळच ते, शंभर टक्के. आता आणखी आठ वर्षं घालवायला मला जमणार न्हाय. चला, लवकर भरा. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत घरी जेवायला पायजे मला, संकेश्वरलाच उशीर झाला तर मग उपासच."

त्यामुळं सगळे घाईत. मी पिशव्या आणून आक्काला द्यायचो, ती टेम्पोत चढलेल्या भरमाला द्यायची. प्रत्येक पिशवी तिच्या हातून जात होती, ती दोन-दोननं मोजत होती. साठीला आलो. ऐंशीला. मी हळूच माझी तिसरी पिशवी तिच्या हातात दिली.

ती थांबली. पानाकडं बघितलंच नाही तिनं. मातीकडं बघितलं.

"ही आडवी हाय."

"काय?"

"काच. मी उभी खोचत्ये. न् ही अर्धी हाय." तिनं पिशवी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. "टाकीपाशी किती ऱ्हायलीत रं?"

"सहा," मी म्हणालो. 

 टेम्पोत गेलेल्यांपैकी दोन माझ्या होत्या, त्या तिनं भरमाला उतरवायला लावल्या. मग ओळीत फिरून बाकीच्या चौदा शोधून काढल्या, प्रत्येक वेळी मातीवर नुसतं बोट टेकवून. अण्णांचा चेहरा विटांच्या चुऱ्यासारखा झाला. आप्पा घड्याळ बघायचं विसरून तिच्याकडं बघत होते.

"आप्पा," आक्का म्हणाली, "एकशेत्र्याऐंशी देत्ये. सतरा कमी हायत."

"का? ही बाजूला काढली ती काय आहेत?"

"ती काय हायत ते मला कळंना. कळलं की सांगत्ये."

अण्णा मधेच बोलायला लागले, "आप्पा, तसं काय न्हाय, बहुतेक तीच आहेत, आमचा मुलगा बी. एस्सी.—"

आप्पांनी छत्रीनं त्यांना थांबवलं. एका खात्रीच्या पिशवीतून त्यांनी काच उपसली, चिमटीत धरून बघितली. "बांगडीची?"

"व्हय. मातीत ऱ्हाऊ द्या. आट वर्सांनी फळ दुसरं आलं, तर बुडात उकरा. माझी काच निघाली तर माझ्या दारात येऊन बसा."

आप्पांनी तो हिरवा तुकडा बोटानं पुसला. मग तो त्यांनी परत मातीत खोचला. उभा. "भरमा, बेगा," ते म्हणाले, म्हणजे लवकर. आणि टेम्पोत बसता बसता अण्णांना विचारलं, "ही बाई पुढच्या पावसाळ्यात इथंच असणार ना?"

अण्णांनी एकदा आठ ओळींकडं बघितलं, एकदा टेम्पोकडं. "असणार की! जाती कुठं?"

"मग अजून तीनशे धरून ठेवा. हिच्या हातची. पोराच्या हातची नको."

---

पाम आले, नाही असं नाही. अण्णांनी दाराशी शोभेला बारा लावले. जंगल मागं जसंच्या तसं आहे, उलट दोन ओळी वाढल्या. माझा पगार तेवढाच राहिला, पण मला आता मागं आक्काच्या शेजारी बसून जेवायची परवानगी आहे. महिन्याभरात तेवीसांना नवी पालवी आली. पंधरा पाणजांभळं निघाली, पाच साधी. तीन अजूनही आक्काला सांगत नाहीत कोण आहेत ते, आणि ती त्यांना रोज सकाळी शिव्या देते. पंधरा मी निपाणीला माझ्या गावी जाताना एस.टी.तून नेली, मांडीवर पाटी ठेवून, आणि आप्पांच्या बांधावर पोचवली. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? मी सांगितलं, पाणजांभूळ. तो म्हणाला, जांभूळच ना? मी संकेश्वर येईपर्यंत त्याला देठ दाखवत होतो.

बांगड्यांचं मात्र राहिलंय. तीनदा गेलो. हिंडलग्याचा कासार मला बघितलं की "आला बघा फुटका माल" म्हणतो. निपाणीत गेलो, तर दुकानातल्या मावशीनं आधी विचारलं, "मुलगी कुठली?" मी म्हटलं, मुलगी न्हाय, साठ वर्षांची बाई आहे. त्यावर तिनं जे तोंड केलं, ते बघून मी बांगड्यांऐवजी शेजारच्या दुकानातून रबराच्या चपला घेऊन परत आलो. पंचमी होऊन गेली. आक्का माहेरी जुन्याच बांगड्या घालून जाऊन आली, येताना पिशवीभर बिया घेऊन.

परवा जेवताना तिनं विचारलं, "भावकू, माझ्या हिरव्या बांगड्यांचं काय झालं रं?"

मी भाकरी तोंडात असल्याचं दाखवलं. आणि एक विचार मनात आला तो आला. ती मागत होती भावकूकडं. भावकू आता गोकाकला असतो, त्याचा नंबर माझ्याकडं आहे.